वाचनपेटीच्या नोंदी: निर्लेखित पुस्तकं, मैद्याची खळ आणि दोघी बी.एड.वाल्या

साताऱ्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही दोघींनी कॉलेजच्या ग्रंथालयातली टाकून द्यायची पुस्तकं बांधून काढली आणि आंतरवासितेच्या शाळेत (म्हणजे जिथे शिकाऊ शिक्षक म्हणून आम्ही शिकवायला जातो तिथे) त्यांची वाचनपेटी केली. त्याच्या या नोंदी, काही ओळी नंतर भर घातलेल्या. कुणी छात्राध्यापक हेच करायला निघाले तर आमचे पैसे आणि वेळ जिथे वाया गेले तिथे त्यांचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

८ जुलै २०२४

जिन्याखाली पुस्तकांचा ढीग पडलाय. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी झालीय, रद्दीवाला या आठवड्यात येईल. मास्तरणीनं तिथल्या तिथे बॅग खाली ठेवली आणि बसली चाळत. (मास्तरीण म्हणजे माझी मैत्रीण. मीही तिच्यासाठी मास्तरीणच. नोकरी लागेपर्यंत आपणच आपल्याला म्हणून घ्यायचं.)

पुस्तकं मिळण्याची रीत आधी सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. तोंडी "घेऊन जा गं" म्हणाल्या तरी नेऊ नका. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर सही, दाखलनोंद वहीत (ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमांकानं नोंदतात ती) त्या त्या क्रमांकापुढे शेरा आणि प्रत्येक पुस्तकावर 'निर्लेखित' असा शिक्का. एवढं झालं की मगच पुस्तक दाराबाहेर काढा. शिक्का नसलेलं कॉलेजचं पुस्तक उद्या शाळेच्या पेटीत सापडलं तर ते चोरीचं ठरतं. सह्या होईपर्यंत रद्दीवाल्याला थोपवून धरण्याचं काम मास्तरणीनं केलं. ते तिलाच जमतं.

१४ जुलै

पोती खोलीवर आली. तीन ढीग करायचे ठरले: शिलाई सुटलेली, कसर (कागद खाणारी कीड) लागलेली आणि ओल खाऊन बुरशी धरलेली. तिसरा ढीग दुरुस्तीला घेऊच नका. काळे डाग पुसून निघत नाहीत, बुरशी शेजारच्या पुस्तकांना धरते आणि मुलं पुस्तक नाकाला लावून वाचतात. जीव तुटला तरी तो ढीग रद्दीतच गेला.

निवडायला बसलो आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम एक पोतं झालं, कारण निवडणारी वाचत बसते. तिला कवितेचं वेड, मला कथेचं. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनात आमची गाठ पडली तीही अशीच. सहा मिनिटांचा पाठ, समोर आपल्यातलेच आठजण विद्यार्थी होऊन बसलेले, आणि कौशल्य दाखवायचं होतं चेतक बदलाचं, म्हणजे हालचाल, हावभाव, प्रश्न बदलत मुलांचं लक्ष धरून ठेवण्याचं. हिनं कविता वाचायला घेतली ती वाचतच राहिली. ना हालचाल, ना हावभाव, ना प्रश्न. निरीक्षण तक्त्यावर सगळीकडे शून्य. पण आम्ही आठजण खरोखरचे विद्यार्थी झालो होतो. तक्त्यात त्याला रकाना नव्हता. त्या दिवशी मी तिला चहा पाजला आणि तिनं मला ऐकवलं, की तुझी कथाकथनाची पट्टी फार वरची लागते, मुलं दचकतील.

तर उपाय असा निघाला: कवितेची पुस्तकं मी निवडायची, कथांची तिनं. ज्याचं वेड नाही त्यानं निवडायचं. काम भराभर सरकलं.

२१ जुलै

कसरीचं काय करायचं? ऊन दाखवावं तर साताऱ्यात जुलैत ऊन कुठलं, आणि कडक उन्हानं कागद पिवळा पडून तडकतो ते वेगळंच. आम्ही डांबराच्या गोळ्या घातल्या. खोलीत झोपवेना. त्यात त्या गोळ्या लहान मुलांच्या वस्तूंत ठेवण्याजोग्या नाहीतच, दिसायला पेपरमिंटसारख्या. काढून टाकल्या.

चाललं ते असं: पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचं आणि चांगला आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पुस्तक खोलीइतकं गरम होऊ द्यायचं, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि सगळं मुसळ केरात. फ्रीजर घरमालकीण काकूंचा. आमरसाच्या डब्यांशेजारी पुस्तकं ठेवायची म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "रस संपत आलाय, त्या कोपऱ्यात ठेवा." थोडी थोडी करून सगळी कसरीची पुस्तकं तिथून काढली. पुढे पेटीत ठेवायला वेखंडाच्या पुरचुंड्या केल्या, पोथ्यांच्या बासनात ठेवतात तशा.

२८ जुलै

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. काही वाळत नाही.

खळ: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर. पारदर्शक चकाकी आली की उतरवायची. पहिली खळ पातेलंभर केली, दुसऱ्या दिवशी तिला आंबूस वास आणि वर पांढरी बुरशी. बाइंडर लोक खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, कीडही लागत नाही. आम्ही आणलाही होता. मग मास्तरणीला तिच्या सहावीतल्या पोरांचं पान उलटणं आठवलं: बोट जिभेला, मग पानाला, परत जिभेला. मोरचूद विष आहे. पुडी तशीच परत दिली. मुलांच्या पुस्तकात मोरचूद नको, हे कुणी कितीही अनुभवी माणसानं सुचवलं तरी ऐकू नका. लागेल तेवढीच खळ करा, उरलेली फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांवर ठेवू नका.

कण्याला नुसता फेव्हिकॉल लावलेली पुस्तकं वाळल्यावर फळीसारखी ताठ झाली. उघडली की कडकन आवाज आणि मधोमध चीर. निम्मी खळ, निम्मा फेव्हिकॉल हे मिश्रण बरं: पकडही राहते आणि कणा वाकतोही.

जुन्या चिकटपट्ट्यांचा त्रास वेगळा. कुणीतरी कधीकाळी प्रेमानं लावलेल्या, आता मधासारख्या पिवळ्या. ओढल्या की अक्षरांसकट निघतात. हेअर ड्रायरनं कोमट करून एका टोकापासून अगदी सावकाश सोलायच्या. तुम्ही मात्र नवीन चिकटपट्टी लावू नका. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यूसारखा कागद आणि पातळ खळ पुरते.

४ ऑगस्ट

आमचे पुठ्ठे वाकले. बांधून रात्री ठेवलेली पुस्तकं सकाळी होडीसारखी. वजनाला विटा ठेवल्या होत्या, त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, तर बातम्यांची शाई मलपृष्ठांवर उमटली. शेवटी मंडईजवळच्या बाइंडर काकांकडे गेलो. कचेऱ्यांची दप्तरं आणि व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधण्यात त्यांची हयात गेली.

त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, आधी उभा वाकवला, मग आडवा. "कुठून सोपा वाकतोय बघा. ती रेष कण्याला समांतर पायजे. तुम्ही आडवा कापलाय, तो वाकणारच." दुसरं, आम्ही पुठ्ठ्याच्या बाहेरूनच कापड चिकटवलं होतं. ओलं कापड वाळताना आखडतं आणि पुठ्ठा आपल्याकडे ओढतं. आतूनही कागद चिकटवला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते. विटांना वर्तमानपत्राऐवजी जुनी साडी, आणि पुस्तक व वीट यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद.

शिलाईही त्यांनीच शिकवली. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं (एकात एक घडी घातलेल्या जुड्यांचं) असेल आणि घडी शाबूत असेल तर प्रत्येक फर्मा मधल्या घडीतून शिवायचा. आम्ही वेळ वाचवायला काही पुस्तकं बाजूनं दाभण घालून आडवी शिवली होती. भक्कम झाली, पण आतल्या समासासकट ओळींची टोकं गिळून बसली. कवितेच्या पुस्तकात तर ओळीचं पहिलं अक्षरच दिसेना. ती सगळी उसवली. दोरा मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, गुंतत नाही आणि कागद कापत नाही.

काकांनी शिकवण्याचे पैसे घेतले नाहीत. "मास्तर होणार हाय न्हवं? मग पोरास्नी पुस्तक उलटं धरून फाडू नगा म्हणावं."

१८ ऑगस्ट

आज भांडण.

शिवलेली पुस्तकं कडेनं एकसारखी व्हावीत म्हणून कटिंग मशीनवर दिली, दहा रुपये नग. मशीनवाल्यानं तीन बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर घेतले. दिसायला नवी कोरी. पण एका कथासंग्रहाच्या समासात कुणा जुन्या छात्राध्यापकानं शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात शेरे लिहिले होते. 'इथे मुले हसतील.' 'हे वाक्य फळ्यावर.' एके ठिकाणी नुसतंच 'खोटे!' प्रत्येक शेऱ्याचं शेवटचं अक्षर कापलं गेलं.

मास्तरणीनं ते पुस्तक हातात घेतलं आणि बोलायचीच बंद झाली. माझं म्हणणं, आपण मुलांसाठी पेटी करतोय, संग्रहालय नाही. पुस्तक धड बांधलेलं हवं. तिचं म्हणणं, तो माणूस आपल्याआधी हेच पुस्तक घेऊन वर्गात उभा राहिला होता, त्याच्या हाताचं तेवढंच तर उरलं होतं. मी म्हटलं, तो आता रिटायर झाला असेल, त्याला काय फरक पडतो. हे म्हणायला नको होतं की होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढचे काही दिवस पाठ टाचणाच्या वह्या शेजारी बसून लिहिल्या आणि बोललो ते फक्त "स्टेपलर दे" एवढंच.

नियम मात्र निघाला: समासात काही लिहिलेलं असेल ते पुस्तक मशीनवर जाणार नाही. कडा वाकड्या राहिल्या तर राहू देत. पैसेही वाचतात.

१ सप्टेंबर

भिलारला जाऊन आलो. आधीच ठरलं होतं म्हणून, नाहीतर त्या मनःस्थितीत कोण जातंय. पाचगणीच्या पुढचं हे गाव ४ मे २०१७ ला राज्य शासनानं 'पुस्तकांचं गाव' म्हणून सुरू केलं. घराघरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली. एका घरात कविता, दुसऱ्यात कादंबऱ्या, तिसऱ्यात बालसाहित्य. येताजाता एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च वडापाव-चहाचाच म्हणा.

कामाचं शिकलो ते हे: कुठल्याही घरात शिरा, बसा, वाचा. तुम्ही कोण, कुठले, अनामत किती, कुणी विचारत नाही. आम्ही पेटीसाठी आठ रकान्यांची देवघेव वही आखून ठेवली होती, उशिराला दंडाच्या रकान्यासकट. परतीच्या गाडीत मास्तरणीनं ती वही पिशवीतून काढली, दंडाचा रकाना दाखवला आणि पहिल्यांदा हसली. ती वही आता हिशोबाला वापरतोय. कवितांच्या घरात मी तिच्यापेक्षा जास्त वेळ बसले होते, हे तिनं घरी आल्यावर काकूंना सांगितलं. म्हणजे मिटलं म्हणायचं.

१२ सप्टेंबर

ती गौरीगणपतीला गावी. मी गहाळ पानांच्या मागे लागले.

'किशोर'चे जुने अंक बरेच होते. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला आहेत. कुठलं पान गेलंय ते पाहून तेवढंच छापून घ्यायचं, जरा जाड कागदावर, आणि घडीला अर्धा सेंटिमीटर जादा ठेवून चिकटवायचं. साध्या झेरॉक्स कागदावर छापू नका, मागची अक्षरं पुढे दिसतात.

पुस्तकांचं तसं नाही. एका कथासंग्रहाचं शेवटून दुसरं पान नव्हतं, म्हणजे गोष्ट ऐन मोक्यावर तुटलेली. गावातल्या वाचनालयात त्याची प्रत सापडली, पण कण्यापाशी इतकी आवळलेली की झेरॉक्स काळाकुट्ट येई. मी फोटो काढून मास्तरणीला पाठवले. गौरी जेवायच्या दिवशी रात्री तिनं ते पान हातानं लिहिलं, काळ्या शाईनं, छापील पानाइतक्याच ओळी आणि तेवढाच समास ठेवून. तिचं अक्षर फळ्यावर जसं, तसंच कागदावर. माझं अक्षर लावलं असतं तर मुलांनी पुस्तक परत निर्लेखित केलं असतं.

२२ सप्टेंबर

शाळेत चाचणी घेतली आणि पडलो.

पेटी म्हणजे आंब्याचे लाकडी खोके, फळबाजारातून तीस रुपयाला एक. पत्र्याची ट्रंक आधी घेतली होती, चारशे रुपये. तिचं झाकण एका मुलाच्या बोटांवर पडता पडता राहिलं, म्हणून रद्द. खोक्याचे खिळे ठोकून बसवले, कुसळं पॉलिश पेपरनं घासली. हे छान झालं.

पण पुस्तकं! आम्ही हौसेनं सगळी लाल खारव्यात (जाड सुती कापडात) बांधली होती, काकांकडे असतात तशी. सहावीचा वर्ग सोडला पेटीवर. मुलं आली, वाकली आणि नुसती बघत राहिली. एकानं एक पुस्तक दोन बोटांनी उचललं, पाहिलं, ठेवलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "बाई, हे हजेरीपट हायत न्हवं?"

झालं. वर्गात लाल कापडाचं काय असतं तर हजेरीपट आणि निकालपत्रकाची फाइल. त्याला हात लावायचा नाही हे पहिलीपासून शिकवलेलं. भक्कमपणाच्या नादात मूळ मुखपृष्ठं आम्ही आत अस्तरासारखी चिकटवून टाकली होती. मुलांनी उचलले ते 'किशोर'चे अंक, कोड्यांचं एक पुस्तक आणि स्कूटर दुरुस्तीची एक पुस्तिका, जी पोत्यात कशी आली देव जाणे.

खारव्याचे साताठशे रुपये पाण्यात. मास्तरीण रात्रभर म्हणत होती, आपण पुस्तकं आपल्यासाठी बांधली गं.

४ ऑक्टोबर

मुखपृष्ठं सोडवायचं काम चालू. खळीनं चिकटवलेली असल्यामुळे ओल्या फडक्याची वाफ देऊन निघतात. हा खळीचा गुण. फेव्हिकॉलनं लावलेली निघाली नाहीत, त्यांच्यासाठी मुलांकडून नवी करून घेतली. आधी गोष्ट वाचून दाखवायची, मग चित्र. एका भुताच्या गोष्टीवर मुलीनं भूत न काढता नुसता उघडा दरवाजा काढला. मास्तरणीनं ते चित्र मला दोनदा आणून दाखवलं.

काल केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शिक्षकखोलीत पेढे. एक सर म्हणाले, आता मराठीच्या शिक्षकांना चांगले दिवस येणार. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यायची आहे, अभियोग्यता चाचणी आहे, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, मग जिल्हा मिळेल तो. पेढा चांगला होता.

१३ ऑक्टोबर

खंडेनवमीला काकूंनी आमचं दाभण, कात्री, पोलादी पट्टी आणि विटा पूजेला मांडल्या, हळदकुंकू लावून. दसऱ्याला पुस्तकंही पाटावर. पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून ऐन शेवटच्या घाईत काम बंद. वेळापत्रक आखताना सण धरा. आज पहाटेपासून बसून उरलेली मुखपृष्ठं चिकटवली. एका विटेवरचं कुंकू दोन पुस्तकांना लागलंय. राहू दे.

१५ ऑक्टोबर

वाचन प्रेरणा दिन. डॉ. कलामांच्या प्रतिमेचं पूजन, भाषणं, आणखी भाषणं. वाचायला वीस मिनिटं उरली.

त्या वीस मिनिटांत मात्र पेटी रिकामी झाली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मघाच्या कथासंग्रहाच्या हस्तलिखित पानापर्यंत पोचला आणि थांबला. बोट फिरवून पाहिलं, मागचं पान पाहिलं, परत पुढचं. मग उठून विचारायला आला, "हे कुणी लिव्हलं?" मी मास्तरणीकडे बोट केलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि ठरवून टाकलं की अख्खं पुस्तकच तिनं लिहिलंय. तिनं समजावलं. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावरच्या दोघांना ते पुस्तक हवं होतं.

समासात शेरे असलेलं ते कापलेलं पुस्तकही गेलं. नेणाऱ्या मुलीनं अर्धवट शेरे पेन्सिलीनं पुरे करायला घेतलेत. 'इथे मुले हसती' नंतर तिनं 'ल' घातला नाही, 'त' घातला: 'हसतीत', म्हणजे हसतात. मास्तरीण म्हणाली, बरोबर आहे. मी म्हटलं, मूळ 'हसतील' होतं. यावर आमचं अजून चालू आहे.

२५ ऑक्टोबर

हिशोब. पुठ्ठा ४८०, खारवा ७२०, सुती कापड नंतर घेतलेलं २६०, दोरा आणि दाभण ९०, फेव्हिकॉल ३१०, मैदा ६०, कटिंग २४०, ट्रंक ४००, खोके १२०, छपाई आणि जाड कागद ३५०. एकूण ३,०३० रुपये, दोघींत निम्मे. ट्रंक अडीचशेला विकली गेली. खारवा, ट्रंक आणि कटिंग टाळलं तर सतराशेच्या आत पेटी होते, सत्तरेक पुस्तकांची.

काही पुस्तकं घरी गेली ती आली नाहीत. वर्गशिक्षकांनी यादी मागितली, आम्ही दिली नाही, कारण केलीच नव्हती. मास्तरणीच्या मते परत न आलेलं पुस्तक वाचलं जात असतं. माझ्या मते निम्मी तरी चुलीपाशी पडली असतील. दिवाळीनंतर वर्गातल्याच दोन मुलांवर पेटी सोपवायची ठरलंय. आमची आंतरवासिता संपल्यावर तिची चावी कुणाकडे हा प्रश्न येणार नाही, कारण खोक्यांना झाकणच नाही.

विटा काकूंना परत द्यायच्या होत्या. मास्तरीण म्हणते थांब, तिच्या गावच्या शाळेत कपाटावर दोन पोती पडलेली आहेत, सुट्टीत बघून येते. मी तिला बजावलंय: कविता मी निवडणार.